दुधाच्या दाढेत काय भरायचं?

दुधाचे दात वीस. पहिला साधारण सहाव्या महिन्यात येतो, अडीच-तीन वर्षांपर्यंत सगळे येतात आणि सहाव्या ते बाराव्या वर्षांच्या दरम्यान एकेक करून पडतात. एवढ्याशा मुक्कामातही कीड त्यांना गाठते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातल्या ५१ कोटींहून अधिक मुलांचे दुधाचे दात किडलेले आहेत. चांदी भरायची, सिमेंट भरायचं, दाताच्या रंगाची भरणी करायची, स्टीलची कॅप बसवायची, की दात काळा करणारा औषधाचा थेंब लावायचा? यावर खुद्द दंतवैद्यांमध्ये दोन तट आहेत. पुढच्या संवादातल्या दोघी या दोन तटांवरच्या. नात्याने मावशी-भाची. मावशी पुण्यात मुलांच्या दातांची डॉक्टर आहे. भाचीने सार्वजनिक दंतआरोग्याचं शिक्षण घेतलं आणि ती पालघर जिल्ह्यातल्या पाड्यांवर अंगणवाडीतली मुलं तपासते.

मावशी : आधी एक सांग. तू ते औषध लावतेस आणि किडलेला भाग काळाठिक्कर पडतो, तोही कायमचा. दात बरा व्हावा म्हणून आई पोराला घेऊन येते आणि काळा दात बघत घरी जाते. याला उपचार म्हणायचं?

भाची : कीड थांबली, ठणका लागला नाही, पोर नीट जेवू-झोपू लागलं, तर म्हणायचं. एसडीएफ, म्हणजे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड, हे काही कालचं खूळ नाही. जपानमध्ये ते १९७० च्या सुमारास वापरात आलं. त्यातली चांदी जंतू मारते आणि फ्लोराइड मऊ पडलेल्या दाताला पुन्हा कडक व्हायला मदत करतं. ओठांना व्हॅसलीन लावायचं, कापसाच्या गुंडाळ्या ठेवून दात कोरडा करायचा, प्लॅस्टिकच्या वाटीत एक थेंब घ्यायचा, बारीक ब्रशने तो किडलेल्या जागी लावून मिनिटभर थांबायचं. सुई नाही, ड्रिल नाही, विजेचीही गरज नाही. मूल आईच्या मांडीवर बसलेलं असतं, डोकं माझ्या मांडीवर. तीन वर्षांचं पोरसुद्धा एवढं करू देतं. पिवळट मऊ भाग काही दिवसांत काळा होतो, आणि पुढच्या वेळी प्रोबने हलकेच चाचपलं तर हाताला कडक लागतो.

मावशी : कडक लागेल, पण खड्डा तिथेच आहे ना? त्यात घास अडकणार, पोर त्या बाजूने चावायचं टाळणार. आम्हाला शिकवलं ते असं, की कीड नीट काढायची, दाताला त्याचा आकार परत द्यायचा, म्हणजे तो कामाला लागतो. नुसती कीड थांबवणं म्हणजे अर्धवट काम.

भाची : खड्डा मोठा असेल तर त्यावर मी सिमेंट भरते. पण आधी एका बाबतीत आपलं एकमत आहे का ते बघू. ‘दुधाचे दात, पडणारच आहेत’ म्हणणारी माणसं मला रोज भेटतात.

मावशी : मलाही भेटतात, चांगली शिकलेली. त्यात वाद नाही. दुधाची शेवटची दाढ दहाव्या-बाराव्या वर्षी पडते. तिच्या मागे सहाव्या वर्षी पहिली कायमची दाढ येते, आणि ती येताना कुठलाच दात पडत नाही, म्हणून आई-बापांना ती दुधाचीच वाटते. पुढची दुधाची दाढ पाचव्या वर्षी उपटून टाकली, तर ही नवी दाढ पुढे सरकते आणि मधल्या दाताची जागा खाते. आणि जागेचं तर नंतरचं. किडलेल्या दाढेने रात्रभर रडणारं मूल शाळेत काय शिकणार?

भाची : म्हणजे दाढ वाचवायची, हे ठरलं. कशाने वाचवायची, एवढाच वाद.

मावशी : मग पहिल्यापासून बोलू. शिकत असताना आम्ही चांदीची भुकटी आणि पारा खलात घोटायचो. लगदा फडक्यात घालून जादा पारा पिळून काढायचा आणि उरलेला गोळा दाढेत ठासायचा. लोक त्याला चांदी म्हणतात, पण त्यात जवळजवळ निम्मा पारा असतो. तरी मी तिचे गुण नाकारत नाही. थोडीफार लाळ लागली तरी ती बिघडत नसे, चावून झिजत नसे. फक्त ती दाताला चिकटत नाही, अडकून बसते. तिला पकड मिळावी म्हणून चांगला दातही कोरावा लागे. दुधाच्या दाताचं कवच आधीच पातळ आणि नस जवळ. त्यात एवढं कोरायला जागा कुठली?

भाची : आणि आता ती जातेच आहे. जपानमधल्या मिनामाता इथे कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा मासळीतून माणसांच्या पोटात गेला आणि पिढ्या उद्ध्वस्त झाल्या. त्याच नावाचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ मध्ये झाला, भारताने २०१८ मध्ये तो मान्य केला. २०२२ च्या दुरुस्तीनुसार दुधाच्या दातांत, १५ वर्षांखालच्या मुलांत, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांत चांदी भरायची नाही. डॉक्टरला अगदीच गरज वाटली तर अपवाद. पण ज्यांच्या दातात चांदी आहे त्यांनी घाबरून ती उकरायला जाऊ नये. या बंदीमागचं मोठं कारण गटारात, मातीत, पाण्यात जाणारा पारा हे आहे.

मावशी : ठीक. चांदी गेली. तिच्या जागी मी कंपोझिट वापरते. राफेल बोवेन या अमेरिकन संशोधकाने साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्याचा पाया घातला. दातासारखा रंग, दाताला चिकटतं, चांगला दात कमीत कमी कोरावा लागतो. मुलाला आरशात त्याचाच दात दिसतो. याच्या जवळपास येणारं तुझ्याकडे काही आहे?

भाची : दिसण्यात नाही. पण कंपोझिटला दात पूर्ण कोरडा लागतो. आम्ल लावा, धुवा, सुकवा, चिकटणारा थर द्या, थराथराने भरा, निळ्या दिव्याने घट्ट करा. मधे लाळेचा एक ओघळ आला की चिकटणं बिघडलं, आणि कडेने पुन्हा कीड. चार वर्षांचं रडवेलं पोर एवढा वेळ तोंड उघडं ठेवेल?

मावशी : रबर डॅम, म्हणजे दाताभोवती रबराचा पडदा, लावला तर लाळ येत नाही. भूल दिली तर दुखत नाही. मुलाशी दोन-तीन भेटी नुसत्या बोलण्यात घालवल्या, खुर्चीची भीती घालवली, तर चार वर्षांचं मूल बसतं. मी रोज बघते. घाईने केलेलं काम बिघडलं म्हणून वस्तूला दोष देऊ नये.

भाची : दोष देत नाही. त्या दोन-तीन भेटी माझ्याकडे नाहीत, एवढंच. मोखाड्याकडची कितीतरी घरं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, भिवंडी-वसईकडे, ती पावसाच्या तोंडावर परततात. आज तपासलेलं पोर महिन्याने तिथे असेलच असं नाही. म्हणून माझा भरवसा ग्लास आयोनोमर सिमेंटवर, आमच्या भाषेत जीआयसी. ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट या दोघांनी लंडनच्या सरकारी प्रयोगशाळेत ते तयार केलं आणि १९७२ मध्ये त्याबद्दल लिहिलं. काचेची भुकटी आणि पॉलिॲक्रिलिक आम्ल. कागदाच्या पॅडवर भराभर कालवायचं आणि लगद्याची चमक जाण्याआधी खड्ड्यात घालायचं. चमक गेली की ते दाताला नीट धरत नाही. वरून व्हॅसलीन लावलेल्या बोटाने दाबून धरायचं. ते दातातल्या कॅल्शियमशी रासायनिक बंध बांधतं, थोडी ओल सोसतं आणि फ्लोराइड सोडत राहतं. ड्रिल नको, मऊ कीड हाताच्या चमच्यासारख्या हत्याराने काढली की पुरे. ऐंशीच्या दशकात टांझानियात या पद्धतीचं काम सुरू झालं, ते याचसाठी.

मावशी : आणि ते झिजतं, तुटतं. चावायच्या पृष्ठभागावरचा एकटा खड्डा असेल तर जीआयसी छान टिकतं, मान्य. पण मुलांच्या दाढा किडतात त्या बऱ्याचदा दोन दाढांच्या मधल्या फटीत. तिथे भिंतच गेलेली असते. तिथलं सिमेंट वर्ष-दोन वर्षांत तुटून आलेलं मी किती वेळा पाहिलंय. मग आई म्हणते, ‘भरून काही उपयोग नाही.’ एक भरणी निकामी झाली की त्या घराचा दंतवैद्यावरचा विश्वास उडतो. त्याचा हिशेब तुझ्या पद्धतीत कुठे आहे?

भाची : हा मुद्दा खरा आहे. मधल्या फटीत जीआयसी कमी पडतं, मीही तिथे त्यावर विसंबत नाही. तिथे स्टीलची कॅप.

मावशी : कॅप माझ्याकडेही असते. विल्यम हम्फ्री या डॉक्टरने १९५० मध्ये ती मुलांच्या दाढांसाठी आणली, आणि मोठ्या खड्ड्याला तिच्यासारखं टिकाऊ दुसरं काही नाही. पण मी आधी भूल देते, कीड काढते, दाढ थोडी घासते आणि मग कॅप बसवते. तुम्ही लोक कीड आत ठेवूनच वरून कॅप बसवता.

भाची : हो, हॉल पद्धत. नॉर्ना हॉल या स्कॉटलंडच्या डॉक्टर. दोन दाढांमध्ये काही दिवस आधी रबराची छोटी रिंग घालून फट करायची. मापाची कॅप निवडायची, आत सिमेंट भरायचं, बोटाने दाबायची आणि मुलाला कापसावर चावायला लावायचं. हिरडी क्षणभर पांढरी पडते, चावणं किंचित उंच वाटतं, ते काही आठवड्यांत बसतं. जंतूंना बाहेरून साखर मिळाली नाही की आतली कीड पुढे सरकत नाही. स्कॉटलंडमधल्याच टेसाइड भागात १३२ मुलांवर याची तुलना झाली: त्याच मुलाच्या तोंडात एका दाढेला हॉल कॅप, दुसऱ्या दाढेला नेहमीची भरणी. सुमारे दोन वर्षांनी गळू किंवा नसेच्या दुखण्यापर्यंत गेलेल्या दाढा हॉलच्या बाजूला २ टक्के, भरणीच्या बाजूला १५ टक्के.

मावशी : तो अभ्यास मी वाचला आहे. भरणीच्या बाजूला काय होतं तेही सांग ना. तिथले साधे दंतवैद्य, त्यांची रोजच्या सवयीची भरणी. बालदंततज्ज्ञाने रबर डॅम लावून केलेलं काम नव्हतं ते. दुबळ्या भरणीशी कुस्ती खेळून कॅप जिंकली.

भाची : पण बहुतेक मुलांना मिळते ती तीच भरणी, मावशी. तुझ्यासारखे हात किती जणांच्या वाट्याला येतात?

मावशी : ते बरोबर आहे. आणि हॉल मी सरसकट नाकारत नाही. दाढ आपोआप ठणकत नसेल, हिरडीवर पुळी नसेल, आणि एक्स-रेमध्ये कीड आणि नस यांच्यात निरोगी दाताची स्पष्ट पट्टी दिसत असेल, तर घाबरणाऱ्या मुलाला मी तशीच कॅप बसवते. एक्स-रेशिवाय मात्र नाही. आत नस सडत असेल आणि वरून तू झाकण घातलंस, तर गळू होणारच.

भाची : म्हणून अंगणवाडीत मी हॉल करत नाही. तिथे एक्स-रे नाही. तिथे थेंब आणि सिमेंट. कॅपची गरज असेल तर मोठ्या रुग्णालयात पाठवते.

मावशी : पाठवतेस, पण ती पोचतात का? इथेच मला खरं बोलायचंय. शहरातल्या मुलाला दाताच्या रंगाची भरणी, ऐपत असेल तर झिरकोनियाची पांढरी कॅप, आणि पाड्यावरच्या मुलाला काळा दात. हा भेदभाव तुला टोचत नाही? समोरचे दात काळे घेऊन ती पोरगी पहिलीच्या वर्गात बसणार. मुलं तिला काय म्हणतील? हसायची वेळ आली की ती तोंडावर हात धरणार.

भाची : टोचतो. एका मुलीला औषध लावल्यावर तिच्या आजीने मला विचारलं होतं, पोरीला मिशरी लावलीस का? आजीचे स्वतःचे दात मिशरीने काळे झालेले. त्यानंतर मी एक नियम केला. आधी काळ्या दाताचा फोटो आईला दाखवायचा, ‘असा होईल, पुन्हा पांढरा होणार नाही’ असं स्वच्छ सांगायचं आणि ती हो म्हणाली तरच लावायचं. मागच्या दाढेला बहुतेक आया लगेच हो म्हणतात. समोरच्या दाताला काही जणी नको म्हणतात, तो त्यांचा हक्क आहे. पण तुझ्या तुलनेत एक गोष्ट सुटते. तिथे एसडीएफच्या ऐवजी कंपोझिट मिळत नाही, काहीच मिळत नाही. मग आधी लवंगेचं तेल, नंतर दुखणं थांबवणारी गोळी, नंतर सूज, आणि शेवटी दात उपटणं.

मावशी : म्हणजे काहीच नसण्यापेक्षा बरं. गरिबाला नेहमी एवढंच ऐकवलं जातं. मला ते मान्य नाही. एकदा थेंबाची सोय झाली की सरकार म्हणेल, झालं काम. मग त्या तालुक्याला बालदंततज्ज्ञ कधीच मिळणार नाही.

भाची : ती भीती मलाही वाटते. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एसडीएफ, जीआयसी आणि फ्लोराइडची टूथपेस्ट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली, ती सगळ्या जगासाठी, केवळ गरिबांसाठी नाही. हाँगकाँगच्या बालवाड्यांमध्ये एसडीएफचा मोठा अभ्यास झाला, आणि हाँगकाँग काही गरीब नाही. ३८ टक्क्यांचं औषध वर्षातून दोनदा लावलं तेव्हा अडीच वर्षांत जवळजवळ ७६ टक्के किडलेल्या जागा थांबल्या. वर्षातून एकदाच लावलं तिथे ६७ टक्के. म्हणून मी उलट विचारते, तुझ्या पुण्याच्या दवाखान्यात हा थेंब का नाही? दोन वर्षांचं मूल, समोरचे चार दात किडलेले, आणि आईसमोर तू पूर्ण भूल देऊन रुग्णालयात उपचार एवढा एकच रस्ता ठेवतेस. वर्षभर कीड थोपवून धरली तर मूल मोठं होईल, खुर्चीत बसायला शिकेल, मग तू तुझी पांढरी भरणी कर. त्या आईला हा रस्ता माहीत असायला नको?

मावशी : माहीत असायला हवा, यात शंका नाही. सगळे रस्ते समोर ठेवणं डॉक्टरचं कर्तव्यच आहे. पण तूही तुझ्या बाजूचं एक लक्षात ठेव. कीड नसेपर्यंत गेली असेल तर ना थेंब उपयोगाचा, ना सिमेंट. तिथे आजारी नस काढावीच लागते. उरलेल्या नसेवर पूर्वी फॉर्मोक्रेसॉल वापरत, आता एमटीएसारखी साहित्यं आली. मुळांपर्यंत सडलं असेल तर मुळं साफ करून भरायची, तीही मोठ्यांसारखी गटापर्चाने नाही. मुलाचं मूळ कायमचा दात येताना विरघळतं, त्याच्याबरोबर विरघळेल असंच भरायचं: झिंक ऑक्साइड युजेनॉल, नाहीतर कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि आयोडोफॉर्मचं मिश्रण. हे काम अंगणवाडीच्या ओट्यावर होत नाही. गालावर सूज असलेल्या पोराला नुसता थेंब लावून घरी धाडलं, तर तो गुन्हा होईल.

भाची : धाडत नाही. सूज, ताप, रात्री आपोआप उठणारा ठणका, हिरडीवर पुळी, यांपैकी काहीही दिसलं की माझं काम तिथे संपतं आणि तुझ्यासारख्या डॉक्टरांचं सुरू होतं. अडचण एवढीच, की तो डॉक्टर जवळपास नाही.

मावशी : मग आपण दोघी साहित्यावर एवढं का भांडतोय? ब्रिटनमध्ये फिक्शन नावाचा मोठा अभ्यास झाला. ३ ते ७ वर्षांची ११४४ मुलं, तीन गट. एकाला भूल देऊन नेहमीची भरणी, दुसऱ्याला हॉलसारखे कीड झाकून टाकणारे उपचार, तिसऱ्याला फक्त घासणं, फ्लोराइड आणि खाण्यापिण्याचा सल्ला. सुमारे तीन वर्षांत दुखणं किंवा गळू झालेली मुलं पहिल्या गटात ४२ टक्के, दुसऱ्यात ४०, तिसऱ्यात ४५. फरक नाहीच म्हण ना.

भाची : माझ्या मते त्याचा अर्थ असा, की जोरजबरदस्तीने भरण्यात मोठा फायदा नाही.

मावशी : आणि माझ्या मते असा, की कीड एकदा मुरली की काहीही करा, दहातल्या चार मुलांना त्रास होतोच. म्हणून पहिला दात येताच घासायला सुरुवात हवी. १००० पीपीएम फ्लोराइडची पेस्ट, तीन वर्षांखालच्याला तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. रात्री घासल्यावर दूध किंवा साखरेचं काही नाही. मुलांची म्हणून विकतात त्यातल्या काही पेस्टमध्ये फ्लोराइड नसतंच, तेव्हा वेष्टन वाचून घ्यायची.

भाची : पाड्यावरही तेच सांगते. तिथे पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा आणि कपभर गोड चहा, हाच कितीतरी मुलांचा सकाळचा नाश्ता. त्यावर कुठलंच साहित्य पुरं पडणार नाही.

मावशी : मग शेवटी साहित्य कसं निवडायचं? आईने डॉक्टरला काय विचारायचं?

भाची : माझ्या मते तीन गोष्टी. हा दात पडायला अजून किती वर्षं आहेत? कीड नसेपासून किती लांब आहे? आणि मूल पुन्हा तपासायला कधी येणार? साडेदहा वर्षांच्या मुलाची हलणारी दाढ आणि चार वर्षांच्या मुलाची तीच दाढ, दोघींना एकच उपचार नाही. पहिलीला थेंब किंवा सिमेंट पुरे. दुसरीला सात-आठ वर्षं काढायची आहेत, तिला कॅपच हवी.

मावशी : तिसऱ्या प्रश्नावर मी अडून बसणार. मूल पुन्हा येणार नसेल तर तुझा थेंबही फुकट जाईल, कारण सहा महिन्यांनी तो पुन्हा लावावा लागतो. माझं कंपोझिटही फुकट, कारण कडेला सुरू झालेली कीड कोणी बघणार नाही. गरीब मुलाला काळा दात दिला, याचं मला जेवढं दुःख आहे, त्याहून जास्त याचं आहे, की त्याला दुसरी भेट मिळत नाही.

भाची : ती दुसरी भेट मिळू शकते, मावशी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधूनच सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीतली मुलं वर्षातून दोनदा तपासतात आणि तपासणीच्या यादीत दातही आहेत. वर्षातून दोनदा, म्हणजे एसडीएफला हवं तेवढंच अंतर. पण पथकात आयुष डॉक्टर असतात, परिचारिका असते, औषधनिर्माता असतो, दंतवैद्य नसतो. कीड दिसते, वहीत लिहिली जाते आणि बहुतेक वेळा तिथेच राहते. त्या गाडीत एक दंतवैद्य बसवा, थेंब आणि सिमेंट द्या, आणि प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात एक्स-रे, कॅप आणि नसेचे उपचार करणारा माणूस नेमा. मुलं वीटभट्टीवर गेली तर भट्टीजवळच्या पथकाला त्यांची नोंद कळवा.

मावशी : ही मागणी लिहून काढ, मी सही करते. मात्र त्यात एक वाक्य घाल: थेंब लावलेल्या प्रत्येक मुलाला पुढच्या सहा महिन्यांत दंतवैद्याने बघितलंच पाहिजे, आणि समोरच्या काळ्या दातावर आईला हवं असेल तर पांढरं आवरण फुकट मिळालं पाहिजे. एवढं झालं तर तुझ्या पद्धतीला मी अर्धवट म्हणणार नाही.

भाची : घालते. आणि तुझ्या दवाखान्यात?

मावशी : तिथे पूर्ण भुलीचा विषय निघाला की आधी थेंबाचा पर्याय सांगेन, फोटो दाखवून. तरीही माझ्या हाताने होत असेल तिथे मी पांढरा दातच देईन. त्यावर आपलं भांडण पुढेही चालू राहील.

भाची : चालू राहू दे. मागणीचा अर्ज मात्र याच आठवड्यात जाऊ दे. अंगणवाड्यांची पुढची तपासणी दिवाळीच्या आत व्हायला हवी, कारण दिवाळीनंतर अर्धी मुलं भट्टीवर गेलेली असतील.